पंगतीची तालीम

बागेत बेघरांना जेवू घालायला पालिकेने बंदी केली आणि फाटकावर तसा बोर्ड लावला. दुसऱ्याच दिवशी पालिकेचे बोरकुटेसाहेब पाहणीला आले, तर बोर्डाच्या मागेच पळसाच्या पत्रावळींवर पंगत बसलेली आणि केसरबाई भात वाढतेय.

"बोर्ड वाचता येत नाई का, बाई?"

"वाचला ना, साहेब. हे अन्नदान नाई. नाटकाची तालीम हाये, लग्नाच्या पंगतीचा सीन." झाडीपट्टीतल्या वडशाच्या नाटक कंपनीत केसरबाईने नाटकांच्या हंगामाचे कैक हिवाळे काढले होते.

"मंग वऱ्हाडी असे फाटके काऊन?"

"कपडेपट यायचा हाये."

"अन् तालमीत खरा भात कायले?"

"खोटं खायाची ह्यायले सवयच हाये, साहेब. खरं खायाचीच तालीम लागते."

साहेबही झाडीपट्टीतलेच, नाटकाचं नाव काढलं की पाय निघत नसे. थोडा वेळ पंगत पाहिली आणि एकदम चिडले. "असा असते का लग्नाचा सीन? गुमान वाढून राह्यली! आग्रह कोण करन?" बाह्या सरसावून त्यांनी वरणाची बादलीच उचलली. "घ्या व्याहीबुवा, माह्या गळ्याची आन हाये!"

एका म्हाताऱ्याने तर लाजून पत्रावळीवर हात आडवा धरला.

तेवढ्यात फाटकाशी मुख्याधिकाऱ्यांची जीप थांबली. बादली साहेबांच्या हातात तशीच राहिली.

केसरबाई पदराआडून पुटपुटली, "बोला, साहेब. आता तुमचा डायलॉग."