पढवलेलं उत्तर

अपिलातली ही शेवटची वैद्यकीय तपासणी. चौकीवर घसरून मोडलेला गुडघा इथंही धडधाकट ठरला, तर फौजेतले माजी हवालदार उद्धवराव यांची अपंगत्व पेन्शन कायमची हातची जाणार होती. आदिलाबादला बसमध्ये बसल्यापासून बायको, जयवंताबाई, त्यांना पढवत होती.

“आवं, गुडघा वाकत नाई, दहा पावलं चाललं का सुजते, समदं सांगा. लाजू नका.”

“सांगतो म्हनलं ना! शाळेत घालून राह्यली का मले?”

लष्करी दवाखान्यात नाव पुकारलं, तसे उद्धवराव काठी टेकत आत गेले. कर्नल डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. “कैसे हो, हवालदार?”



काठी कधी सुटली ते उद्धवरावांना कळलंच नाही, टाचा जुळल्या, छाती पुढं आली आणि तोंडातून निघून गेलं, “एकदम फिट, साब!”