जिन्याखालची वाट

काँक्रीटची गाडी गल्लीच्या तोंडाशी घरघरत उभी होती आणि ग्लेनिसचा बोका घरात नव्हता.

"डडली! डडली!"

"बाई, सकाळपासून हाच जप चाललाय तुमचा," गवंडी डेस्मंड म्हणाला. "येईल की. बोका आहे तो, नवरा नाही."

"नवरा हाकेसरशी यायचा," ग्लेनिस म्हणाली. रेग गेल्यापासून घरात हाक मारायला तेवढा बोकाच उरला होता.

जिन्याखालची लाकडी जमीन कुजली होती. डेस्मंडने ती काल उखडली. आता जिना दोन लोखंडी टेकूंवर उभा होता आणि त्याच्या पोटाखाली खड्डा, खड्ड्यात खडी, खडीवर निळं प्लॅस्टिक. ग्लेनिस खड्ड्याच्या कडेने येरझारा घालत होती. या जिन्याखालच्या कपाटात एक फळी कधीची निखळलेली होती, आणि तिथून खाली उतरायची डडलीला जुनी खोड. उंदरांमागे जात असेल, असं ती समजून चालली होती.

गाडीवाल्याने भोंगा वाजवला. एक गडी भरलेली ढकलगाडी घेऊन दारात आला.

"थांबा," ग्लेनिस म्हणाली. "ऐका."

म्यांव आलं. बारीक, भिंतीच्या बुडातून. बोका आत आणि वरून काँक्रीट, एवढंच तिला दिसत होतं.

डेस्मंड खड्ड्यात आडवा झाला आणि त्याने बॅटरी मारली. "इथे भिंतीतल्या दोन विटाच नाहीत. स्वारी पलीकडे, शेजारणीच्या जमिनीखाली गेलीय. ही वाट आता बंद होणार. तिच्याकडे वर यायला जागा असली तर ठीक, नाहीतर..." तो कपडे झटकत उठला. "जा, विचारून या."

"ऑलिव्हला?"

"मग कोणाला, मेयरला? काँक्रीट थांबत नाही, बाई."

ऑलिव्हशी भांडण परसातल्या कुंपणावरून झालं होतं. कुंपण केव्हाच वाऱ्याने पडलं, अबोला मात्र शाबूत होता. रेगच्या दफनालाही ऑलिव्ह चर्चच्या फाटकाबाहेरच उभी राहिली होती. तिच्या दारात उभं राहण्यापेक्षा ग्लेनिसला खड्ड्यात उतरणं सोपं वाटलं असतं. तरी ती एप्रनवरच गेली. तिने कडी वाजवली, पुन्हा वाजवली.

दार उघडलं. तेच घर, फक्त आरशातलं. जिना डावीऐवजी उजवीकडे. त्याखालच्या कपाटाचं दार सताड उघडं, एक फळी बाजूला काढून ठेवलेली, शेजारी बशी. बशीत तोंड घालून डडली दूध पीत होता.

"मेल्या," ग्लेनिस म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

"रोज येतो," ऑलिव्ह म्हणाली. "चहाच्या वेळेला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? आपण बोलत नाही ना."

बोका दारापर्यंत आला आणि ग्लेनिसने त्याला उचललं. त्याच्या मिशांना दूध लागलेलं होतं. "आज ते भोक बुजणार," ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे... डडली नाव आहे याचं."

"ठाऊक आहे. भिंतीतून ऐकू येतात तुझ्या हाका. संध्याकाळच्याही."

ग्लेनिस एप्रनच्या टोकाने बोक्याच्या मिशा पुसू लागली. रेग असताना ती संध्याकाळी कुणाला हाका मारत नसे. पलीकडे डेस्मंड ओरडला, "मिळाला का हो?"

"मिळाला," ऑलिव्हनेच उत्तर दिलं. "ओता."

भिंतीमागे पहिली ढकलगाडी धपकन रिकामी झाली. दोघींनी ते ऐकलं. बोक्याने कान टवकारले आणि उघड्या फळीकडे पाहिलं.

"त्याची वाट बुजवलीस," ऑलिव्ह म्हणाली. "आता रोज तुलाच आणावं लागेल त्याला. पुढच्या दाराने."

ग्लेनिस पायपुसण्यावर बूट पुसू लागली. बूट स्वच्छच होते. तरी ती बराच वेळ पुसत राहिली.