आखूड झालेली रोपं

“रोपं आखूड कशी होतील? कापड आहे का ते, धुतल्यावर आटायला?” गाईड मॅडमनी आलेखावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

टेकडीवरच्या कुंपणात तिची एकशे वीस रोपं होती, प्रत्येकाला तारेनं बांधलेला पत्र्याचा नंबर. कमी पाण्यावर जंगली झाडांची रोपं किती वाढतात, हा तिच्या पीएच.डी.चा विषय. दीड वर्ष तिनं दर महिन्याला त्यांची उंची मोजली होती. आणि आलेखात ही रोपं एखाद्या महिन्यात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वर जात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा खाली बसत. कुंपण शाबूत, एकही शेंडा खुडलेला नाही, तरी सगळीच्या सगळी एकदम.

“मोजतं कोण?”

“बाबा टेप लावून आकडा सांगतात. मी लिहिते.”

“डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना त्यांचं?” मॅडम मनानं वाईट नव्हत्या, म्हणून हळू बोलल्या. “हे बघ, सोमवारी समिती बसतेय. हे आकडे नेलेस तर दीड वर्ष पाण्यात गेलं समज. आणि यापुढे मापं दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांग.”

दीड वर्षापेक्षा हे दुसरं तिला जास्त लागलं. बाबा शिंपी. सुईत दोरा ओवणं जमेना तेव्हा त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि खिडकीशी बसले ते बसलेच. मदतनीस हवा आहे असं खोटंच सांगून तिनं त्यांना टेकडीवर नेलं होतं. तिथे मात्र शिंपीमास्तर पुन्हा मास्तर झाले. गुडघे टेकायचे, टेप लावायचे आणि दुकानातल्या खणखणीत आवाजात पुकारायचे, “सत्तेचाळीस नंबर, एकतीस!” रोपांना ते गिऱ्हाईक म्हणत. एखादं वाकडं वाढलं की म्हणत, “याला सांग, पोक काढून उभं राहू नकोस, माप चुकतं.” ती हसून हसून बेजार व्हायची. मागच्यापेक्षा मोठा आकडा आला की टेकडी उतरताना तिची बडबड थांबत नसे. त्या माणसाला आता कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाबा, तुम्ही येऊ नका?

ती घरी आली तेव्हा ते कपड्यांच्या घड्या घालत होते. कडेला कड जुळल्याशिवाय घडी पुढे सरकत नव्हती.

“बाबा, टेपवरचे आकडे नीट दिसतात ना तुम्हाला?”

“सुईचं भोक दिसत नाही, आकडे दिसतात. का गं?”

तिनं सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. उलट चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. तिच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

“बाबा! वाढत्या अंगाचं धरून सांगत होतात की काय? पोरांच्या कपड्यांना सोडता तसं?”

आणि एवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं. लहान मुलाचा कपडा बाबांनी जन्मात कधी बेताचा शिवला नव्हता.

कपाटातून दुकानातली लांबट वही काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्यानं लिहून घेतलेल्या मापावर त्यांनी कधी कात्री चालवली नव्हती, त्याला लेकही अपवाद नव्हती. टेकडीवर ती पुढच्या रोपाकडे जाई, तेव्हा ते मागे राहून काहीतरी खरडत असत. खरडतात तर खरडू देत बिचारे, म्हणून तिनं कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

महिन्याला एक पान. प्रत्येक पानावर एकशे वीस आकडे, रेघ मारल्यासारखे सरळ. तिनं आपला तक्ता शेजारी ठेवला आणि बोटानं एकेक ओळ ताडून पाहिली. बहुतेक पानं जुळत होती. जी जुळत नव्हती, तिथे वहीतला आकडा कमी होता. सत्तेचाळीस नंबर तीस होता, तीसच राहिला, मग साडेतीस झाला. एकही रोप कधी आखूड झालं नव्हतं. सगळी वाढत होती, फक्त फार हळू आणि चिवटपणे. तिचे डोळे भरून आले. दीड वर्ष वाचलं होतं, आणि बाबाही.

“प्रबंध लिहायला बसलीस की वही देणारच होतो,” ते पुटपुटले. “कापताना खरं माप लागतं, एवढं कळतं मला.”

“मग सांगताना जास्त का सांगितलंत? तेही मधूनच?”

त्यांनी पुढची घडी हातात घेतली आणि तिच्याकडे पाठ केली.

तिनं ती न जुळणारी पानं पुन्हा उघडली. अठरांपैकी पाच होती. पाचही पानांच्या तळाशी शिसपेन्सिलीनं एकेक ओळ लिहिलेली होती. पहिल्यावर होतं, ‘मॅडम हिला सगळ्यांसमोर बोलल्या. एक वाढवून सांगितला.’ दुसऱ्यावर, ‘मैत्रिणीला नोकरी लागली, हिची शिष्यवृत्ती अडकली. एक.’ तिसऱ्या आणि चौथ्यावर नुसतंच, ‘चेहरा बघवेना. एक.’

पाचवं पान तिचं ठरलेलं लग्न मोडलं त्या आठवड्यातलं होतं. त्यावर लिहिलं होतं, ‘सकाळपासून उपाशी आहे पोर. आज एकानं भागणार नाही, दोन सांगितले.’