आरसाबंदी

दोन वर्षं स्टेरॉइडची इंजेक्शनं टोचून टोचून नवऱ्याचे दंड फुगले आणि लिव्हर कामातून जायची वेळ आली. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी सुईबरोबर आरसाही बंद केला. आरशात दंड जरा उतरलेले दिसले, की या पठ्ठ्याचा हात पुन्हा सुईकडे जायचा. बायकोने घरातल्या एकूण एक आरशावर चादर टाकली.

दुसऱ्या दिवशी ती अंदाजपंचे लिपस्टिक लावून ऑफिसला निघाली, तर नवरा खो खो हसत सुटला.

"अगं, ओठ सोडून सगळीकडे लागलीय!"

ती दारातच थबकली. "तुला दिसलं?"

"म्हणजे काय? आंधळा आहे का मी?"

"दोन वर्षं होतास," ती म्हणाली आणि गाल त्याच्यापुढे केला. "पूस आता."