उन्हाळी टायर

दोनदा आलात तुम्ही माझ्या घरी, आणि दोन्ही वेळा गाडी बघून परत गेलात. माझ्या तोंडाकडे एकानंही बघितलं नाही.

वीणा हे मोठ्यानं बोलली नाही. परदेशातल्या त्या पोलीस ठाण्याच्या दर्शनी खोलीत उभी राहून ती समोरच्या काळ्या काचेकडे बघत होती. काचेमागे कोणीतरी हसत होतं. काचेशेजारच्या फोनवर तिचं सगळं सांगून झालं होतं. नवऱ्यानं पोरीचा हात मोडलाय. पलीकडच्या आवाजानं पत्ता विचारला, कीबोर्ड बडवला आणि म्हणाला, "या पत्त्यावर आधी दोनदा जाऊन आलेत आमचे लोक. काही प्रॉब्लेम नाही असं लिहिलंय. बसा, बर्फामुळे सगळे अॅक्सिडेंटमध्ये अडकलेत. येईल कोणीतरी."

सहा वर्षांची इला बाकावर बसली होती. डावा हात कोपराच्या खाली नको तिथे वाकला होता. ती रडत नव्हती, आणि वीणाला त्याचीच भीती वाटत होती.

काही प्रॉब्लेम नाही! का नव्हता, ते वीणाला पक्कं माहीत होतं. पहिल्या वेळी दसरा होता. नवऱ्याच्या, परीक्षितच्या लाल टू-सीटर गाडीची पूजा करताना तिनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. रंगाला डाग पडला. त्यानं तिचं तोंड त्याच बॉनेटवर आपटलं. शेजारणीनं फोन केला, दोघे पोलीस दारात आले, आणि वीणाच्या फुटलेल्या ओठांतून सवयीनं पहिला शब्द काय निघाला? "चहा घेणार?" घरी आलेल्याला चहा विचारायचा, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं आलं किसलं. तोवर परीक्षित त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेला. गाडीचं कव्हर, बॅटरीचा चार्जर, सगळं कौतुकानं दाखवलं.

"थंडीत चालवता का हो?" तांबड्या मिशीच्या पोलिसानं विचारलं होतं.

"छे! बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा खाऊन टाकतं. शिवाय टायर उन्हाळी, बर्फावर घसरतात. मी माझ्या वस्तू जपतो, ऑफिसर."

तिघे हसले. चहा पिऊन दोघे गेले. डिसेंबरात पुन्हा फोन गेला, तेव्हा तांबडी मिशी नव्या जोडीदाराला मुद्दाम गाडी दाखवायला घेऊन आली. त्या दिवशी वीणाच्या दोन बरगड्या दुखावल्या होत्या. कप देताना ती अंग आखडून वाकली, तर नवा म्हणाला, "फार थंडी आहे नाही?"

आज सकाळी बर्फामुळे शाळेला सुट्टी होती. इलानं गॅरेजमधून बर्फावरची घसरगाडी ओढत बाहेर काढली. तिची लोखंडी कड गाडीच्या लाल दारावर घासली. बोटभर ओरखडा. परीक्षित मोज्यांवरच खाली आला. त्यानं पोरीचा हात धरला आणि नळ बंद करावा तसा पिळला. सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. मग पोरीला तशीच टाकून तो दारापाशी वाकला आणि ओरखड्यावर फुंकर घालून अंगठ्यानं पुसू लागला.

बर्फाचं फावडं भिंतीला टेकलेलं होतं. वीणानं ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या मानेवर घातलं. तो उठायला लागला, तेव्हा पुन्हा. पडल्या पडल्या त्यानं तिचा घोटा पकडला, तेव्हा त्या बोटांवर. बोटं सुटली, तो कण्हत पालथाच राहिला. रोजच्या व्हॅनची किल्ली त्याच्या खिशात, आणि खिसा त्याच्या अंगाखाली. लाल गाडीची किल्ली मात्र घराच्या दाराशी गणपतीच्या तसबिरीखाली उघड्यावर टांगलेली असायची. तिला हात लावायची कोणाची टाप होती?

पोलीस ठाणं दोन मैलांवर. टायर थंडीनं काचेसारखे कडक झालेले, गाडी ओल्या साबणासारखी सरकत होती. वीणा माणूस चालेल त्या वेगानं चालवत राहिली. अर्ध्या वाटेवर इला पहिल्यांदा बोलली.

"आई, स्क्रॅच निघेल का गं?"

दर्शनी खोलीतलं घड्याळ पुढे सरकलं. बारा मिनिटं झाली. काचेमागे पुन्हा हशा झाला, कॉफीचा वास आला. वीणानं आपला कोट काढून इलाच्या खांद्यांवर घातला.

"इथून हलू नकोस. मी दोन मिनिटांत आले."

ती बाहेर जाऊन गाडीत बसली. समोर वीस-पंचवीस पावलांवर झेंड्याच्या खांबाचा दगडी चौथरा होता. आसपास चिटपाखरू नव्हतं. तिनं पट्टा लावला आणि पाय खाली दाबला. चाकं जागच्या जागी किंचाळली, मग त्यांना जमीन सापडली.

बॉनेट कागदासारखं चुरगळलं. एअरबॅगनं नाकावर ठोसा मारला, रक्त हनुवटीवरून खाली गेलं. ठाण्याचं दार धाडकन उघडलं आणि चार जण धावत बाहेर आले. तांबडी मिशी सगळ्यात पुढे. त्याला बाई ओळखू आली नाही, पण गाडी आली.

"अरे देवा, ही तर ती..." तो चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवत म्हणाला. "मॅडम, उन्हाळी टायर आहेत हिला. थंडीत काढायची नसते ही गाडी. घसरली ना शेवटी?"

"घसरली नाही. मी आणून आदळली."

वीणा दार ढकलून बाहेर आली. रक्त पुसलं नाही तिनं.

"आत माझी पोरगी मोडका हात घेऊन बारा मिनिटं बसलीय. तुमच्यातला एक बाहेर आला नाही. आता चला आत, तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा तिला, पत्र्यासाठी धावत यायला तुम्हाला किती वेळ लागला. बोला!"