पाठ नसलेला कोट

नवरा आंघोळीहून येईपर्यंत कोट उसवून टाकायचा, असं तिने रात्रभर कूस बदलत ठरवलं होतं. पण शिलाई मशीनच्या मागे, कापडाच्या गठ्ठ्याखाली हात घातला तर कोट जागेवर नव्हता. तिने गठ्ठा उपसला. कपाट उपसलं. इस्त्रीचे कपडे जमिनीवर आले. आधीच उशीर होत होता, आणि आज चर्चमध्ये साक्ष तिलाच द्यायची होती.

पाळकांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते तो माणूस आपल्या पायांनी घरी आला, हे काय लहानसहान आहे? तिने फक्त उभं राहायचं आणि आपला विश्वास एक क्षणही ढळला नाही, एवढं सांगायचं. मंडळीतल्या बायका तर रस्त्यात गाठून म्हणत होत्या, की तुझ्या घरी पुनरुत्थानच झालं गं बाई. ती मान डोलवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. खाई त्याला खवखवे.

ती शवपेट्यांच्या दुकानासाठी कपडे शिवायची. मेलेल्या माणसाला कोट चढवणं सोपं नसतं, म्हणून तो पुढून पूर्ण आणि मागून उघडा शिवतात. हात बाह्यांत घालायचे आणि कडा अंगाखाली सारून द्यायच्या. नवरा इस्पितळात नळ्यांना जोडलेला असताना तिने तसाच एक कोट त्याच्यासाठी शिवला होता. चांगलं राखाडी कापड आणून, काजंसुद्धा हाताने करून. त्याचा कोट दुसऱ्या कुणी शिवावा हे तिला सहन झालं नसतं. शिवता शिवता रडून घ्यायचं तेवढं तिने रडूनही घेतलं होतं. आणि मग गृहस्थाने डोळे उघडले. क्षणभर तिला चक्क राग आला होता. त्या रागाची पुढे इतकी लाज वाटली, की कोट टाकवेना, दुकानात देववेना आणि उसववेना.

"अगं, ये जरा इकडे," आतल्या खोलीतून हाक आली.

तो आरशासमोर उभा होता, तोच कोट अंगात घालून. बस चालवणारा हा धिप्पाड गडी आजारात निम्मा झाला होता. जुने कोट त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखे लोंबायचे. हा मात्र खांद्यात नेमका बसला होता. बाह्या मनगटाशी जिथे संपायला हव्यात तिथेच संपत होत्या. तो वळला, तेव्हा मागे नुसती बनियन दिसली.

हा दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाचा कोट आहे, असं सांगून वेळ मारून न्यायला तिने तोंड उघडलं. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर नवऱ्यापुढे जीभ तेवढी सराईत राहत नाही.

"मापं कधी घेतलीस?" त्याने विचारलं.

ती पलंगावरची चादर नीट करू लागली.

"इस्पितळात," तोच म्हणाला. "खांद्यावरून, हातावरून काहीतरी फिरत होतं. मला वाटलं, तू हात फिरवतेस."

"हातच फिरवत होते. हातात टेप होती."

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं भडाभडा बाहेर आलं. विश्वास ढळला नव्हता, मुळात उरलाच नव्हता. दर रविवारी शरीराच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवते म्हणून मोठ्याने म्हणणाऱ्या बाईने जिवंत नवऱ्याचं माप घेतलं. आता तो खोकला की तिची झोप उडते आणि हसला की जास्तच भीती वाटते. ज्याच्यासाठी रडून झालं तो माणूस परत जेवायला बसला तर त्याच्याशी वागायचं कसं, हे तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं. आणि वर साक्ष द्यायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आपण काही चर्चला येणार नाही, असं तिने सांगून टाकलं.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, म्हणजे राग आला होता आणि तो गिळणं चाललं होतं. बाहेर चर्चची घंटा सुरू झाली.

"पहाटे प्रभूच्या कबरेकडे निघालेल्या त्या बायकांच्या हातात काय होतं?" तो शेवटी म्हणाला. "सुगंधी द्रव्यं. मढ्याला लावायलाच ना? भुकेला असेल म्हणून डबा एकीनेही नेला नव्हता."

तिला हसू आलं, आणि आपल्याला हसू यावं याचाच राग आला.

"उद्यापासून ड्यूटी आहे माझी," तो म्हणाला. "याला पाठ लावून दे."

पाठ अशी नुसती लावता येत नाही, कापड आधी बेतावं लागतं, असं पुटपुटत ती उठली. मशीनवरची टेप घेऊन तिने त्याला सरळ उभं केलं. टेप पाठीमागून छातीवर आणली, सवयीने घट्ट धरली, आकडा वाचला आणि थांबली. दुकानातल्या कामात आकडा वाचला की माप संपायचं.

घंटा थांबली. दोघांपैकी कुणीही दाराकडे पाहिलं नाही.

"श्वास घ्या," ती म्हणाली.

त्याने घेतला. टेप तिच्या बोटांतून सरकली.

"अजून," ती म्हणाली. "भरून घ्या."