नांगर जागचा हलला नाही

माझी थोरली बहीण जन्मली त्या वर्षी आजोबांनी दोन्ही मुलांना सांगून टाकलं, "ज्याचा नांगर दिवसभर जागचा हलणार नाही, होडी त्याची." पहिल्या दिवशी माझ्या वडिलांनी हात आखडून दोर सोडला. वारा सुटताच नांगर तळावरून घसरला आणि शेवटी त्यांना होडीसकट ओढून आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या काकांची पाळी आली. "दोर जितका लांब, तितका नांगर घट्ट," असं म्हणत त्यांनी घरातला, शेजारचा, विहिरीवरचा सगळा दोर गाठी मारून होडीत भरला. जाता जाता कपडे वाळत घालायची दोरीही सोडवली.

"अहो, ओले कपडे काय डोक्यावर वाळवू?" काकू ओरडल्या.

"उद्यापासून आपल्या होडीत वाळव!"

वारा किनाऱ्याकडे वाहत होता. होडी मागे सरकत राहिली आणि काका खुशाल दोर सोडत राहिले. संध्याकाळी ती धाडकन धक्क्यावर आदळली आणि तिच्या फळ्या फळ्या झाल्या. काका दोराचं टोक मुठीत धरून ओलेचिंब वर आले.

"ओढून बघा, बाबा. हलला असेल तर मिशी उतरवीन!"

आजोबांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. नांगर तसूभरही हलला नाही.

"होडी तुझी," ते म्हणाले.




होडी धाकट्याला दिली म्हणून जन्मभर काकांशी न बोललेले माझे वडील गेल्या सोमवारी वारले.